रानमोडीचा रविवार

पणजीत पाहुणे आले की त्यांना फोंताइन्हासच्या रंगीत भिंती बघायच्या असतात. वाड्याला हे नाव पडलं ते झऱ्यावरून, हे सांगितलं की ते इकडेतिकडे पाणी शोधू लागतात. फोंते फिनिक्स आणि बोका द व्हाका हे दोन्ही झरे आल्तिन्हो डोंगराच्या पायथ्याशी. वर डोंगर आणि खाली झरा अशी जोडी गोव्यात गावोगाव सापडते आणि तिचं कारण आपल्या घरांच्या चिऱ्यांत आहे.

हे चिरे जांभ्याचे. फ्रान्सिस ब्युकॅनननं मलबारात हा मऊ दगड कापून विटांसारखा वापरतात हे पाहिलं आणि 1807 मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटराइट म्हटलं. जांभा भोकाभोकांचा असतो. त्याच्याखाली बहुतेक ठिकाणी चिकणमातीचा थर, त्यातून पाणी सहज उतरत नाही. वरून मुरलेलं पाणी त्या थरावर अडतं, आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीतून बाहेर येतं.

पण आधी मुरायला तर हवं! आपल्याकडे वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. उघड्या, टणक झालेल्या जमिनीवरून तो सरळ गटाराची वाट धरतो. वर पालापाचोळा असेल, मुळांनी फटी पाडलेल्या असतील, वाळवीनं बिळं केलेली असतील, तर त्याला आत जायला दारं मिळतात. शहरातल्या रानाचा हा उपयोग मला सावली-गारव्यापेक्षाही मोठा वाटतो.

पणजीच्या कडेला असाच एक उतार आहे. गेली दोन वर्षं आम्ही दहा-बारा जण रविवारी सकाळी तिथं जातो. पहिल्या दिवशी जो तो हातात रोप घेऊन आला होता. आमच्यातले एक काका निवृत्त वनरक्षक. त्यांनी सगळी रोपं सावलीत ठेवायला लावली आणि हातात कोयते दिले. ‘पयलीं काड, मागीर लाय,’ म्हणजे आधी काढ, मग लाव, एवढंच म्हणाले.

काढायची होती ती रानमोडी. अमेरिका खंडातून आलेलं हे झुडूप. याचं बी म्हणजे केसांचा झुपका लावलेली काडी, वाऱ्यावर कुठंही जातं. फुलं साधारण दिवाळीनंतर येतात, म्हणून दसऱ्याच्या सुमारास, जमीन अजून ओली असताना ती मुळासकट उपटायची. उन्हाळ्यात वाळलेली रानमोडी भडाभडा पेटते. गंमत अशी की आगीत तिचा बुंधा तगतो आणि पावसात पुन्हा फुटतो, शेजारची झाडांची कोवळी रोपं मात्र जळून जातात.

घाणेरीची तऱ्हा वेगळी. नुसती छाटली तर ती दुप्पट जोमानं फुटते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी यावर साधा उपाय रूढ केला: फुटवे येतात तो भाग जमिनीच्या अगदी लगत असतो, तेव्हा त्याच्या दोन-तीन बोटं खाली मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवून द्यायचं. कुदळीचा घाव नेमका बसायला मला चार रविवार लागले.

रानमोडी हटली तेव्हा खाली काय निघालं असेल? दहा पावलांच्या चौकोनात चौदा रोपं! किंजळ, कुंभा, आणि ऐन, म्हणजे आपला राज्यवृक्ष माट्टी. पान उलटं करून मधल्या शिरेवर देठाजवळच्या बारीक गाठी काकांनी दाखवल्या, तीच ऐनाची खूण. काही रोपं बियांची होती, काही जुन्या तोडलेल्या झाडांच्या जिवंत मुळांतून फुटलेली. अशा फुटव्यामागं जुनं, खोल गेलेलं मूळ असतं. नर्सरीतल्या पिशवीत गुंडाळून वाढलेलं रोप त्याच्याशी काय स्पर्धा करणार?

वरच्या अंगाला ऑस्ट्रेलियन बाभळी आहेत, सामाजिक वनीकरणाच्या काळात लावलेल्या. त्यांची पानं ही खरी पानं नव्हेत, चपटे झालेले देठ आहेत. नुकतं उगवलेलं रोप बघा, त्याला आधी बाभळीसारखी बारीक संयुक्त पानं येतात, मग देठ रुंदावतो आणि पर्णिका गायब होतात. सावकाश कुजणाऱ्या या पाल्याचा जाड थर साठतो. त्या एकदम तोडाव्यात असं नव्या मंडळींना वाटतं. मला पटत नाही. एक तर 1984 च्या वृक्ष कायद्याप्रमाणे परवानगी लागते, शिवाय सावली अचानक गेली की उजेडावर टपलेली रानमोडी परत येते. खालचा ऐन डोक्याएवढा होईपर्यंत बाभूळ राहू दे की.

माथ्यावरच्या सड्याला, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराला, मात्र आम्ही हात लावत नाही. कोणीतरी तिथं मियावाकी पद्धतीनं, चौरस मीटरला तीन-चार रोपं ठासून, जंगल करू या म्हणालं होतं. अकिरा मियावाकींनी ही पद्धत बसवली ती जिथं मुळात जंगलच असायचं अशा जागांसाठी. सडा उन्हाळ्यात ओसाड दिसतो, पण पावसाळ्यात त्यावर सीतेची आसवं आणि गेंद फुलतात. त्यांना ऊन आणि पातळ माती लागते. तिथं झाडं लावली की ही फुलं गेली.

यंदा दसऱ्याच्या आधी आम्ही एक पोरखेळ केला. जाड प्लास्टिक पाइपाचे दोन सारखे तुकडे घेतले, एक ऐनाखालच्या पाचोळ्यात ठोकला, दुसरा पायवाटेवर. दोन्हींत एकेक लिटर पाणी ओतलं आणि घड्याळ लावलं. पाचोळ्यातलं पाणी दोन मिनिटांत दिसेनासं झालं. पायवाटेवरचं, आमची पोई-भाजी खाऊन झाली तरी तसंच होतं आणि त्यात एक मुंगळा कडेकडेनं पोहत होता.