‘पिशवी काढली’ म्हणजे नेमकं काय काढलं?

दिवाळी उलटली की कोल्हापूर जिल्ह्यात गळीत हंगाम सुरू होतो आणि बीडकडून आलेल्या ऊसतोडणी टोळ्यांच्या कोप्या शिवारात उभ्या राहतात. त्या कोप्यांमधून बायकांच्या तोंडून एक वाक्य ऐकू येतं: “माझी पिशवी काढलीय.” सांगणारीचं वय पस्तीस असतं, कधी अडतीस. २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं, म्हणजे सहांत एक. पाळीमुळे एक खाडा पडला तरी मुकादम पैसे कापतो, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक बसलं की दोघांची मजुरी बुडते. या अन्यायाबद्दल बोललं गेलं आणि ते बोलणं गरजेचंच होतं. पण या शस्त्रक्रियेचा एक धागा मेंदूपर्यंत जातो. त्याचा इतिहास इथे मांडतो आहे.

‘साठी बुद्धी नाठी’ असं आपण सहज म्हणतो. स्मृतिभ्रंश हा आजार आहे, नुसतं म्हातारपण नव्हे, हे पहिल्यांदा ठळकपणे समोर आलं ते एका बाईमुळेच. ऑगस्ट डेटर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झाली तेव्हा ती ५१ वर्षांची होती. तिच्या मृत्यूनंतर, १९०६ मध्ये, डॉ. अलॉईस अल्झायमर यांनी तिची केस मांडली. पाळी जाण्याला वैद्यकीय नाव फ्रान्समध्ये १८२१ मध्येच मिळालं होतं. तरी या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल का, हा प्रश्न गांभीर्याने विचारायला पुढे बरीच दशकं गेली.

आधी संप्रेरक, म्हणजे हार्मोन, हाती लागायला हवं होतं. १९२९ मध्ये इस्ट्रोजेनचा, म्हणजे बाईच्या बीजांडकोशात बनणाऱ्या संप्रेरकाचा, एक प्रकार वेगळा काढता आला. १९४२ मध्ये गाभण घोडीच्या मूत्रापासून बनवलेल्या गोळ्या अमेरिकेत बाजारात आल्या. अंगातून वाफा येणं, रात्रीचा घाम यावर त्या चालल्या. १९७५ मध्ये नुसत्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो असं दिसलं, मग जोडीला दुसरं संप्रेरक देऊ लागले.

नव्वदच्या दशकात आशेची लाट आली. उंदरांच्या मेंदूत, आठवणी साठवणाऱ्या भागातल्या पेशींचे जोड इस्ट्रोजेनमुळे वाढतात हे प्रयोगशाळेत दिसलं होतं. संप्रेरकं घेणाऱ्या बायकांत अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा प्रकार कमी आढळतो, असंही काही निरीक्षणांतून पुढे आलं. पण गोळ्या घेणाऱ्या बायका बहुधा शिकलेल्या, सुस्थितीतल्या आणि मुळातच निरोगी होत्या. फरक गोळीचा की परिस्थितीचा, हे निरीक्षणातून कळणार नव्हतं.

त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्यागत गट पाडून चाचणी झाली. ६५ वर्षांवरच्या ४,५३२ बायकांपैकी निम्म्यांना दोन्ही संप्रेरकांची गोळी, निम्म्यांना खोटी गोळी. २००३ मध्ये निकाल आला: खऱ्या गोळीच्या गटात ४० जणींना स्मृतिभ्रंश, खोट्या गोळीच्या गटात २१ जणींना. जगभर डॉक्टरांनी या गोळ्या लिहून देणं कमी केलं. माझ्या मते या भीतीत एक मोठी गल्लत झाली. पाळी जाऊन बरीच वर्षं उलटलेल्या बायकांचा निकाल चाळिशीतल्या बायकांनाही लावला गेला.

२००७ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी उलट बाजूने पाहिलं. नैसर्गिक पाळी जाण्याआधीच ज्यांचे बीजांडकोश काढले होते त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंश आणि विस्मरणाचं प्रमाण जास्त निघालं. शस्त्रक्रियेचं वय जितकं कमी तितका धोका अधिक. ज्यांना पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन मिळालं त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. पाळी जाण्याच्या सुमारास गोळ्या सुरू केलेल्यांच्या नंतरच्या चाचण्यांत स्मरणशक्तीला काही वर्षांत ना फायदा दिसला ना तोटा. म्हणून स्मृतिभ्रंश टाळायला सरसकट संप्रेरकं देत नाहीत; पण पाळी फार लवकर गेली असेल आणि दुसरी अडचण नसेल, तर नैसर्गिक वयापर्यंत ती द्यावीत असं मानलं जातं. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गोळ्यांवरचा स्मृतिभ्रंशाचा ठळक इशारा काढायचं जाहीर केलं.

सगळा भार संप्रेरकांवर टाकता येणार नाही. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे, आणि तो बायकांत, खेड्यांत, न शिकलेल्यांत जास्त आहे. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं; तरी आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या कितीतरी आज्यांच्या हातात लहानपणी पाटीऐवजी खुरपं आलं. शाळेने मेंदूला जी शिदोरी मिळते, ती त्यांना मिळाली नाही.

पाळी जाण्याच्या वर्षांत चावी कुठे ठेवली ते न आठवणं, नाव ओठांवर येऊन अडणं, हे पुष्कळ जणींना होतं आणि बहुतेकींचं पुढे सावरतं. तो स्मृतिभ्रंश नव्हे.

पिशवी काढलेल्या बाईला मात्र आणखी एक गोष्ट विचारायची राहते. नुसतं गर्भाशय काढलं असेल तर बीजांडकोश काम करत राहतात, फक्त थोडे लवकर थकतात. दोन्ही बीजांडकोशही काढले असतील तर इस्ट्रोजेन एका दिवसात कोसळतं. बोलताना दोन्हींना ‘पिशवी काढली’ एवढंच म्हणतात. फरक लिहिलेला असतो डिस्चार्ज कार्डावर, इंग्रजीत, एका ओळीत. ते कार्ड ट्रंकेत असेल तर शोधून काढावं आणि कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा गावच्या आरोग्य केंद्रात डॉक्टरांकडून ती ओळ वाचून घ्यावी.