मुरमांवरचे घरगुती लेप: सामान टिकलं, नियम गळाले

मुरमांवर घरी काय लावावं असं विचारलं की मराठी घरात भराभर उत्तरं येतात. हळद-चंदन लाव, मुलतानी माती लाव, मसुराच्या डाळीचं पीठ, जायफळ उगाळून, कडुलिंबाचा पाला वाटून, कोरफडीचा गर. हे सगळं आजीकडून आलं असं आपण म्हणतो आणि ते खोटं नाही. पण आजीपर्यंत ते कुठून आलं आणि येता येता त्यातलं काय सांडलं, याचा माग काढला तर आजच्या तक्रारींचा बराच उलगडा होतो. सामान बहुतेक टिकून आहे. ते वापरायचे नियम मात्र वाटेत गळून पडले, आणि माझ्या मते खरा घात तिथे झाला आहे.

सुश्रुतसंहितेत या पुळ्या क्षुद्ररोगांत, म्हणजे लहानसहान व्याधींत येतात. तिथे त्यांना मुखदूषिका म्हटलं आहे; तारुण्यपिटिका हे नाव पुढे रुळलं आणि आजही आपल्या तोंडी आहे. पुळीला उपमा दिली आहे ती काटेसावरीच्या काट्याची. काटेसावरीचं कोवळं खोड जवळून पाहिलं तर ही उपमा किती नेमकी आहे ते कळतं. तिचा काटा बाभळीच्या काट्यासारखा लांब सुईदार नसतो. बुडाशी रुंद आणि गोल, वर निमुळता, जणू साल आतून फुगून वर आली आहे असा तो दिसतो. बाजूला रेटून मोडला तर खोडावर गोल वण राहतो. सातव्या शतकाच्या आसपास वाग्भट या वैद्याने अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात याच वर्णनात आणखी भर घातली: या पुळ्या दुखऱ्या असतात, घट्ट असतात आणि त्यांच्या पोटात मेद असतो. सूक्ष्मदर्शक यायला अजून हजार वर्षं होती. तरीही केसाच्या मुळाशी तेलकट द्रव्य अडकून मुरूम होतं, या आजच्या समजुतीच्या अगदी जवळ जाणारं हे निरीक्षण आहे.

उपचारही साधा आहे. वाग्भट लोध्र (एका झाडाची औषधी साल), धणे आणि वेखंड यांचा लेप सांगतो. पुढे तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास शार्ङ्गधर या वैद्यानेही हेच त्रिकूट तारुण्यपिटिकांसाठी दिलं आहे. हे सगळं सौम्यच होतं असा दावा मी करणार नाही. लेपाने शमलं नाही तर वमन (औषधाने उलटी करवणं), नस्य (नाकात औषध घालणं) आणि कपाळावरच्या शिरेतून रक्त काढणं, असा पुढचा क्रम वाग्भटच देतो. पण सुरुवात लेपाने होती, आणि तो लेप कसा लावायचा याला शिस्त होती.

ही शिस्त फारशी कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, म्हणजे पहिल्या भागात, बाविसाव्या अध्यायात मुखलेपाचे नियम आहेत. लेप कशासाठी आहे त्यानुसार त्याची जाडी ठरलेली आहे: पाव अंगुळ, एक तृतीयांश अंगुळ किंवा अर्धा अंगुळ (अंगुळ म्हणजे बोटाची रुंदी). तो ओला असेपर्यंतच चेहऱ्यावर ठेवायचा, कारण वाळलेला लेप कांती बिघडवतो असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. काढतानाही आधी पुन्हा भिजवायचा, मग काढायचा, आणि त्यानंतर चेहऱ्याला तेल लावायचं. लेप लावून उन्हात किंवा विस्तवापाशी बसायचं नाही, फार बोलायचं नाही, दिवसा झोपायचं नाही. सर्दी किंवा अपचन असताना लेप लावायचा नाही. शिवाय सहा ऋतूंसाठी सहा वेगळे लेप दिले आहेत. सुश्रुताचे लेपाचे नियमही याच वळणाचे आहेत: रात्री लेप नको, शिळा लेप नको, एका लेपावर दुसरा थर नको. लेप वाळू द्यायची मुभा त्याने एकाच ठिकाणी दिली आहे, ती म्हणजे गळवातला पू दाबून बाहेर काढायचा असेल तेव्हा.

आता आजची रीत बघा. मुलतानी माती चेहऱ्यावर थापायची, पंख्याखाली बसायचं, भेगा पडून गाल ताणले गेले की 'काम करतंय' म्हणायचं आणि मग सुकलेली पोपडी चोळून काढायची. उरलेलं मिश्रण वाटीत झाकून फ्रीजमध्ये, उद्यासाठी. एकाच बैठकीत जवळपास सगळे नियम मोडले जातात. मुलतानी माती तेल शोषते हे खरंच आहे, पण सुकत जाते तसं ती त्वचेतलं पाणीही ओढते. त्वचा कोरडी आणि दुखावलेली झाली की सूज वाढते, आणि मुरूम हा मुळात सुजेचाच विकार आहे.

नियम गळाले कसे? या ज्ञानाचा प्रवास आपल्याच मुलखातून झालेला आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, ज्याला आपण हेमाडपंत म्हणतो, त्याने अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका, म्हणजे अर्थ उलगडणारा ग्रंथ, लिहिली. हेमाडपंती देवळांमुळे त्याचं नाव शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं, ही टीका मात्र वैद्यांपुरतीच राहिली. १८८० मध्ये अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी मुंबईत अष्टांगहृदय छापून काढलं, पुढे निर्णयसागर छापखान्याच्या आवृत्त्या आल्या. वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांनी वनस्पतींचे गुण मराठीत आणले. १९०७ मध्ये नाशिकला वैद्यांचं अखिल भारतीय संमेलन भरवण्यात पुढाकार त्यांचाच होता. हे काम मोलाचं होतं, कारण संस्कृत न येणाऱ्या माणसाच्या हाती औषधं आली. पण पोथीतून पुस्तकात, पुस्तकातून साप्ताहिकाच्या चौकटीत आणि चौकटीतून मोबाइलच्या पडद्यावर येताना मजकूर आखूड होत गेला. 'दोन चमचे अमुक, एक चमचा तमुक' एवढंच उरलं. किती जाड, किती वेळ, कुणाला नको, हे छाटलं गेलं.

आणखी एक गल्लत उटण्याची आहे. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाचं उटणं, म्हणजे नागरमोथा, वाळा, गव्हला कचोरा, आंबेहळद, हे अंगाला लावायचं आणि तेही आधी तेल जिरवून. तेलाच्या थरावर ते घसरतं, त्वचेला ओरखडत नाही. अंगाला उटणं आणि चेहऱ्याला लेप, हा भेद जुन्या लोकांना ठाऊक होता. तेल गाळून, जाडंभरडं उटणं थेट मुरमांवर घासायचं, हे त्या परंपरेत बसत नाही. सहाणेवर चंदन उगाळलेलं ज्यांनी पाहिलं आहे त्यांना फरक सांगायला नको. पाण्याचे दोन थेंब टाकत खोड गोल फिरवत राहिलं की जे गंध उतरतं ते बोटाला कणभरही खरखरीत लागत नाही. बाजारच्या चंदनपुडीला तो स्पर्श नाही.

मग साबण आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो चैनीचा होता. १९१८ च्या सुमारास अर्देशिर गोदरेज यांनी प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलाचा साबण काढल्यावर सोवळ्याओवळ्याच्या घरांतही त्याला वाट मिळाली. डाळीचं पीठ न्हाणीघरातून हळूहळू मागे सरलं. साबणाने स्वच्छता वाढली, रोगराई कमी झाली, ते नाकारण्यात अर्थ नाही. चेहऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो आणि हे आवरण तिचं रक्षण करतं, अशी मांडणी शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी १९२८ मध्ये केली. या आवरणाचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा; जितका कमी तितकं आम्ल जास्त) पाचच्या आसपास असतो, नेहमीच्या साबणाचा नऊ-दहा. लिंबाचा रस दुसऱ्या टोकाला, दोनच्या जवळ. दिवसातून चार वेळा साबण आणि संध्याकाळी लिंबू म्हणजे त्वचेला एकदा इकडे आणि एकदा तिकडे फरफटवणं आहे. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डागही राहतात. मुरमांसाठी लिंबू सुचवणाऱ्यांनी हा धोका सांगायलाच हवा.

जास्त धुण्याने मुरमं वाढतात हे आधुनिक वैद्यकात नोंदलं गेलं ते १९७५ मध्ये, फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांचे सहकारी मिल्स यांच्या लेखात. त्याआधी १९७२ मध्ये याच जोडीने दाखवलं होतं की सौंदर्यप्रसाधनांतली काही तेलं आणि चरबीयुक्त द्रव्यं स्वतःच मुरमं आणतात. १९७० मध्ये क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी केसांना चोपडायच्या तेलकट मलमांमुळे कपाळावर उठणाऱ्या पुळ्यांचं वर्णन केलं. आपल्याकडे रात्री खोबरेल चापून झोपणाऱ्या मुलामुलींच्या कपाळावर केसांच्या कडेने जी बारीक पुरळ दिसते ती याच जातीची. ट्रेटिनॉइन हे मुरमांवरचं महत्त्वाचं औषधही क्लिगमन यांच्याच कामातून पुढे आलं. या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. क्लिगमन यांनी कित्येक वर्षं होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर त्वचेचे प्रयोग केले, आणि वैद्यकीय नीतीच्या इतिहासात ते लाजिरवाणं उदाहरण म्हणून नोंदलं गेलं आहे. आज आपण जे सहज वापरतो त्यातल्या काहींची किंमत अशा लोकांनी मोजली.

खाण्याचं म्हणाल, तर 'आंबे खाल्ले, उष्ण पडलं, पुळ्या आल्या' हे आपल्याकडचं ठाम मत. डॉक्टरांनी ते बराच काळ उडवून लावलं. २००७ मध्ये मेलबर्नच्या अभ्यासात रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ कमी केलेल्या तरुणांची मुरमं बारा आठवड्यांत कमी झालेली दिसली. आंबा दोषी ठरला नाही, पण मैदा आणि गोडधोड यांकडे बोट गेलं. आहाराचा काहीच संबंध नाही, हे उत्तर आता पुरत नाही.

हळदीची गोष्ट थोडी अभिमानाची आहे. १९४९ मध्येच हळदीतल्या कुरकुमिनचा जिवाणूंवर परिणाम होतो हे 'नेचर' नियतकालिकात आलं होतं. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकन पेटंट १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. मूळचे गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन संस्थेचे प्रमुख होते. संस्थेने जुन्या ग्रंथांचे पुरावे लावून ते पेटंट आव्हानित केलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. हळद आमच्या घरातली आहे हे तेव्हा सिद्ध झालं. मुरमांवर ती गुण देतेच, हे मात्र त्या खटल्याने ठरलं नाही आणि ठरवायचंही नव्हतं. हळदीचा बाजारही आपल्याच इथला: केशव पेंढरकर यांनी १९५२ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या विकोची हळद-चंदनाची क्रीम घरोघर पोचली आणि ती औषध की प्रसाधन यावर अबकारी खात्याशी कंपनीचा वाद वर्षानुवर्षं चालला. त्याच काळात मुरूम जाणं आणि गोरं होणं या दोन गोष्टी जाहिरातींनी एकत्र बांधल्या. मुलींच्या मनावर त्याचं ओझं अजून आहे, आणि मला ते फार खुपतं.

मग यातलं टिकतं काय? टी ट्री या ऑस्ट्रेलियातल्या झाडाच्या पानांच्या तेलाला आधार आहे: १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात १२४ जणांवर झालेल्या चाचणीत पाच टक्के टी ट्री तेलाने मुरमांवरच्या नेहमीच्या औषधाइतकाच, म्हणजे पाच टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडइतकाच, फायदा दिला, फक्त उशिरा, पण त्रासही कमी दिला. ते तेल तसंच्या तसं, पातळ न करता लावायचं नाही. कोरफडीचा गर एकट्याने मुरमं घालवतो म्हणण्यापेक्षा औषधांमुळे होणारी आग आणि कोरडेपणा शांत करतो म्हणणं जास्त रास्त. पान कापल्यावर सालीलगत जो पिवळसर चीक सुटतो तो खाज आणतो. पान उभं धरून तो निथळू द्यावा, गर धुऊन घ्यावा आणि आधी कोपराच्या आत लावून दिवसभर पाहावं. डाळीचं पीठ वस्त्रगाळ असेल, सायीत किंवा पाण्यात सैलसर कालवलेलं असेल आणि ओलं असतानाच धुतलं तर ते आजही चालतं. चेहरा फार तेलकट असेल तर साय टाळावी. सौम्य फेसवॉश दिवसातून दोनदा, त्यावर हलकं मॉइश्चरायझर आणि बाहेर पडताना सनस्क्रीन, हे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. लेपानंतर तेल लावायला आणि ऊन टाळायला सांगणाऱ्या वाग्भटाशी त्याचा मेळ बसतो.

दुखऱ्या गाठी, पू, खड्डे, किंवा पाळीच्या अनियमिततेबरोबर हनुवटीवर येणारी मुरमं यांना घरगुती लेप पुरत नाही. तिथे उशीर केला की व्रण कायमचे राहतात.

आणि एक धोका असा आहे जो घरगुती उपाय म्हणून घरात शिरतो: मेडिकलमधून शेजारणीच्या सांगण्यावरून आणलेली ट्यूब. त्यातल्या अनेकींत हायड्रोक्विनोन (डाग फिके करणारं औषध), ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड (सूज दाबणारं औषध) एकत्र असतात. या मिश्रणाचा मूळ नुस्खा १९७५ मधला, क्लिगमन यांचाच, काळ्या डागांसाठीचा. मुरमांवर लावलं की आठवडाभर चेहरा चकाकतो. मग त्वचा पातळ होते, लालसर राहते, बारीक शिरा दिसू लागतात आणि ट्यूब थांबवली की मुरमं दुप्पट उसळतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती हातोहात मिळतात. कुणी महिनोन् महिने लावत असेल तर एकदम बंद करण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं, आणि जाताना ती ट्यूब बरोबर न्यावी, म्हणजे आत काय होतं ते त्यांना वाचता येईल.