फुकटच्या हवेचं वीजबिल

उन्हाळ्यात गावात बोअरची गाडी येते तेव्हा बहुधा दोन ट्रक येतात. एकावर मनोरा आणि लोखंडी रॉडची चळत, दुसऱ्यावर डिझेल इंजिनावर चालणारा कम्प्रेसर, म्हणजे हवा दाबणारं यंत्र. सगळ्यांच्या नजरा मनोऱ्यावर असतात, पण दगड फोडायची ताकद दुसऱ्या ट्रकवरून येते. जाड नळीतून आलेली दाबाची हवा पोकळ रॉडमधून खाली उतरते आणि भोकाच्या तळाशी असलेल्या हॅमरमधला दट्ट्या मिनिटाला हजाराहून जास्त वेळा बिटवर, म्हणजे दगडाला टेकलेल्या टोकावर, आदळवते. दख्खनचा काळा पाषाण त्या माराने भुगा होतो. काम संपलेली तीच हवा वर येताना भुगा उडवून बाहेर आणते. पाणी लागल्यावर तोंडातून जो फवारा उडतो, तोही या हवेनेच वर फेकलेला असतो.

या हवेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या वीसपटीच्या आसपास असतो. कारखान्यांत तो बराच कमी, साधारण ७ बार. एक बार म्हणजे जवळपास वातावरणाच्या दाबाएवढा, आणि हे सात मूळच्या एकावर चढलेले. म्हणजे बाहेरची आठ घनमीटर हवा एका घनमीटरात कोंबलेली. तापमान तेच ठेवलं तर आकारमान जितक्या पटीने घटेल तितक्या पटीने दाब वाढतो, हा रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ मध्ये मांडलेला नियम. अडचण त्या पहिल्या अटीतच आहे. हवा दाबताना तापमान तेच राहत नाही.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं नळकांडं खालच्या अंगाला तापतं. आपण दांड्यावर लावलेला जोर हवेच्या रेणूंना मिळतो, ते जास्त वेगाने धावू लागतात, आणि रेणूंचा वेग वाढणं म्हणजेच तापमान वाढणं. ३० अंशांची हवा एका दमात आठपट दाबापर्यंत दाबली आणि उष्णतेला बाहेर पडायला वाव दिला नाही, तर हिशेबाने ती २७५ अंशांवर जाते. एवढ्या तापात वंगण जळतं आणि व्हॉल्व्हवर काजळी धरते. शिवाय तापलेली हवा फुगायला बघते, म्हणून तिला दाबायला जास्त जोर लागतो आणि वीजही जास्त जाते. कम्प्रेसरची बहुतेक रचना ही उष्णता काढून टाकण्यासाठीच झालेली आहे, असं माझं मत आहे. दाब निर्माण करणं हे त्यातलं सोपं काम.

जुना आणि अजूनही सगळीकडे दिसणारा प्रकार पिस्टनचा. त्यात दट्ट्या मागे सरकला की हवा आत येते, पुढे गेला की दबते आणि व्हॉल्व्ह उघडून टाकीत जाते. मोठ्या यंत्रांत हे काम दोन टप्प्यांत होतं. मोठ्या सिलिंडरमध्ये हवा थोडी दाबायची, मधल्या कूलरमध्ये गार करायची, मग लहान सिलिंडरमध्ये पुन्हा दाबायची. यामुळे प्रत्येक टप्प्याचं तापमान १३५ अंशांच्या घरात राहतं आणि हिशेबाने सुमारे १५ टक्के काम वाचतं.

सतत चालणाऱ्या कारखान्यांत आता स्क्रू कम्प्रेसर असतो. पीळ दिलेले दोन रोटर एकमेकांत गुंतून फिरतात. त्यांच्या खाचांत अडकलेली हवा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ढकलली जाते आणि जाता जाता तिची जागा आक्रसत जाते. कल्पना एकोणिसाव्या शतकातली, पण तिला नीट चालणारं यंत्र बनवलं ते १९३० च्या दशकात स्वीडनचे अभियंते आल्फ लिसहोल्म यांनी. नेहमीच्या स्क्रू कम्प्रेसरमध्ये हवेबरोबर तेलही फवारतात. ते रोटरमधली फट बुजवतं, वंगण देतं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दाबणं चालू असतानाच उष्णता शोषून घेतं. त्यामुळे बाहेर पडणारी हवा शंभर अंशांच्या आत राहते. नंतर सेपरेटर तेल बाजूला काढतो. औषधं किंवा खाद्यपदार्थ बनवताना तेलाचा अंशही चालत नसेल, तर तेलमुक्त कम्प्रेसर लागतो आणि तो चांगलाच महाग असतो.

उष्णतेपाठोपाठ येतं पाणी. हवा किती वाफ धरू शकते हे तापमान आणि जागा यांवर ठरतं. पावसाळ्यात ठाणे-बेलापूर पट्ट्यात ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. ती हवा दाबून पुन्हा ३० अंशांवर आणली की तिची जागा आठव्या हिश्शाएवढी होते आणि तीत जेमतेम ४ ग्रॅम वाफ मावते. उरलेले २० ग्रॅम पाणी होऊन बाहेर पडतात. मिनिटाला १०० घनफूट हवा देणारा, म्हणजे तसा लहानच कम्प्रेसर आठ तासांच्या पाळीत २७ लिटरच्या आसपास पाणी काढतो! टाकीच्या बुडाचा ड्रेन उघडायचा राहिला, हवा कोरडी करणारा ड्रायर बंद पडला, की हे पाणी लाईनमधून पुढे जातं, यंत्रांतले हवेवर चालणारे सिलिंडर गंजवतं आणि रंगाच्या फवाऱ्यात मिसळून नव्या पत्र्यावर फोड आणतं.

एवढ्या कटकटी सोसून हवाच का वापरायची? याचं मला पटलेलं उत्तर आल्प्समध्ये आहे. फ्रान्स आणि इटली जोडणाऱ्या मॉं सेनी बोगद्याचं काम १८५७ मध्ये सुरू झालं. लांबी सुमारे १३ किलोमीटर, आणि मधे कुठेही वरून विहीर खणायची सोय नव्हती. आत वाफेचं इंजिन नेलं असतं तर धुराने माणसं गुदमरली असती. अभियंते जर्में सॉमेयेर यांनी डोंगरातून येणाऱ्या पाण्याच्या जोरावर बाहेरच हवा दाबली आणि नळांतून आतल्या ड्रिलपर्यंत नेली. ड्रिलमधून सुटलेली हवा कामगारांना श्वासाला मिळाली. हाताने काही दशकं लागली असती असं काम १८७१ मध्ये पूर्ण झालं. उद्घाटन बघायला सॉमेयेर मात्र राहिले नाहीत. काही आठवडे आधी त्यांचं निधन झालं.

हवेचा तो गुण आजही तसाच आहे. ठिणगी पडू नये अशा जागी हवेवरचं हत्यार चालतं. ते हलकं असतं, ओल्या जागी धक्का देत नाही, अडकलं तरी जळत नाही. रेल्वेच्या ब्रेकमध्ये तर हवा पहारेकरी असते. आपल्या गाड्यांच्या ब्रेक पाइपमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाब कायम ठेवतात आणि तो घटला की ब्रेक लागतात. डब्यांची जोडणी तुटली तरी पाइप फुटून गाडी आपोआप थांबते. इचलकरंजीत जुन्या मागावर धोटा बाण्याचा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो. तिथल्याच एअरजेट मागावर धोटा नाही. हवेचा झोत धागा ओढून नेतो, तोही मिनिटाला ६०० हून अधिक वेळा. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या साच्यात फुगवतात त्या ३०-४० बारच्या हवेने.

आता बिलाचं. मोटरला दिलेल्या १०० युनिटांपैकी हत्याराच्या टोकाशी उपयोगी पडतात १० ते ३०. बाकीची उष्णता, घर्षण आणि गळतीत जातात. म्हणून कारखान्यातल्या ऊर्जेच्या सगळ्या रूपांत ही सर्वात महाग, आणि नेमकी हीच लोक फुकट समजून वापरतात. पाळी संपताना कपड्यांवरची धूळ उडवायला हवेची नळी घेणं मला दोन कारणांनी खटकतं. एक खर्चाचं. दुसरं जास्त गंभीर आहे: ७ बारची हवा डोळा फोडू शकते, जखमेतून त्वचेखाली शिरू शकते.

गळतीचा हिशेबही करून बघावा. लाईनला ३ मिलिमीटरचं एक भोक असेल, तर ते भागवायला कम्प्रेसर ३ किलोवॅटच्या आसपास वीज खातो. रात्रंदिवस चालणाऱ्या कारखान्यात वर्षाला २६ हजार युनिटं झाली. ८ रुपये दर धरला तरी दोन लाखांच्या वर. तेल गळलं तर डाग दिसतो, पाणी गळलं तर डबकं. हवेचा नुसता आवाज येतो, तोही यंत्रांच्या गोंगाटात बुडतो.

ही गळती मोजायला महागडं उपकरण लागत नाही. सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रं बंद ठेवून फक्त कम्प्रेसर चालू करायचा. दाब पुरा झाला की तो अनलोड होतो, म्हणजे हवा दाबणं थांबवतो; गळतीने दाब उतरला की पुन्हा लोड घेतो, म्हणजे दाबू लागतो. घड्याळ लावून दोन्ही वेळा लिहायच्या आणि लोडच्या वेळेला एकूण वेळेने भागायचं. २ मिनिटं लोड आणि ६ मिनिटं अनलोड असेल, तर क्षमतेचा २५ टक्के भाग गळतीत चालला आहे. मग साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन आधी नळ्यांच्या टोकांचे कपलिंग, क्लॅम्प आणि ड्रेन तपासायचे. बहुतेक गळती तिथेच सापडते.