ड्युअल कोर घ्यावा का? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

इंटेलचा पेंटियम ४ किंवा एएमडीचा ॲथलॉन ६४ काढून ड्युअल कोर, म्हणजे एका चिपमध्ये दोन कोर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) असलेला प्रोसेसर टाकावा का, हा प्रश्न मुळात २००५ ते २००८ या काळातला. हल्ली तो पुन्हा डोकं वर काढतो. एलजीए ७७५ सॉकेटचे (बोर्डावरच्या त्या नावाच्या खाचेत बसणारे) जुने प्रोसेसर भंगाराच्या भावात मिळतात, आणि त्या पिढीची मशीन कुठल्यातरी लॅबमध्ये किंवा दुकानाच्या काउंटरवर अजून चालू असतात. चर्चा तेव्हाही आणि आताही एकाच मुद्द्याभोवती फिरते: दुसरा कोर खरंच कामाला येतो का? त्या वर्षांत हा व्यवहार परवडला की अंगाशी आला, हे बहुतेकांच्या बाबतीत मदरबोर्डने ठरवलं. पण बोर्डाबद्दल कोणी हिरिरीने भांडत नव्हतं. भांडण होतं ते ‘खरा ड्युअल कोर’ कोणाचा यावर.

एका पीसीत दोन प्रोसेसर ही कल्पना त्याआधीचीच. १९९९ मध्ये ॲबिटच्या बीपी६ बोर्डावर दोन स्वस्त सेलेरॉन शेजारी-शेजारी बसवून हौशी लोक विंडोज एनटी नाहीतर लिनक्स चालवायचे. विंडोज ९८ ला दुसरा प्रोसेसर दिसतच नसे. एकाच सिलिकॉनवर दोन कोर २००१ मध्ये आयबीएमच्या पॉवर४ मध्ये आले, पण ती सर्व्हरची दुनिया. घरातल्या मशीनपर्यंत हे पोचलं ते दुसरा मार्ग उरला नाही म्हणून.

क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा गीगाहर्ट्झमधला घड्याळवेग, वाढवत नेण्याचा जुना मार्ग बंद झाला २००४ मध्ये. फेब्रुवारीत ९० नॅनोमीटरचा प्रेस्कॉट हा नवा पेंटियम ४ आला. आधीच्या नॉर्थवुडमध्ये पाइपलाइनचे (एक सूचना ज्या साखळीतून पुरी होते तिचे) २० टप्पे होते, यात ३१. टप्पे वाढवायचे आणि क्लॉक वर न्यायचा, असा बेत होता. पण इतक्या बारीक ट्रान्झिस्टरमधून वीज गळायला लागली, आणि घड्याळाच्या आकड्याआधी तापमानच वर गेलं. मे महिन्यात या घराण्याचा पुढचा प्रोसेसर रद्द झाला. त्याचं सांकेतिक नाव तेजस होतं, हा योगायोग आपल्याकडच्या लोकांना गंमतीचा वाटला तर नवल नाही. ऑक्टोबरमध्ये ४ गीगाहर्ट्झचा पेंटियम ४ सुद्धा मागे घेतला गेला आणि इंटेलच्या प्रमुखाने एका परिषदेत चक्क गुडघे टेकून माफी मागितली. पेंटियम ४ अखेर ३.८ वर थांबला तो थांबलाच.

त्यामुळे पहिले ड्युअल कोर घड्याळाने मंद होते, हे आश्चर्य नव्हतं. मे २००५ मध्ये आलेले पेंटियम डी २.८ ते ३.२ गीगाहर्ट्झचे. त्याच महिन्याच्या शेवटी ॲथलॉन ६४ एक्स२ आला, आणि तिथे तर आकड्यांचा घोळच होता. ३८००+ या नावाचा सिंगल कोर २.४ गीगाहर्ट्झवर चालायचा, आणि ऑगस्टमध्ये आलेल्या एक्स२ ३८००+ चे दोन्ही कोर २.० वर. त्या काळातले बहुतेक गेम एकाच कोरवर चालत, म्हणजे गेमरने ड्युअल कोर घेतला तर त्याचा गेम आधीपेक्षा हळू चालण्याची शक्यता होती. व्हिडिओ एन्कोड करणाऱ्याचं मात्र काम जवळपास निम्म्या वेळात व्हायचं. यामागचं गणित १९६७ पासून माहीत आहे. कामाचा निम्मा भाग वाटून करता येत असेल तर दोन कोरांनी वेग १.३३ पट होतो, ८० टक्के भाग वाटता येत असेल तर १.६७ पट. दुप्पट कधीच नाही.

आता त्या ‘खऱ्या’ ड्युअल कोरबद्दल.

पहिल्या पेंटियम डी मध्ये एकाच सिलिकॉनवर दोन प्रेस्कॉट होते, पण त्यांच्यात आतून वाट नव्हती. एका कोरला दुसऱ्याकडची माहिती हवी असली की ती फ्रंट साइड बस या बाहेरच्या वाटेवरून चिपसेटपर्यंत (बोर्डावरची जोडणी सांभाळणाऱ्या चिपपर्यंत) जायची आणि परत यायची. एकाच वाड्यात राहणाऱ्या भावांनी एकमेकांना निरोप द्यायला गल्लीत उतरावं, तसं. एक्स२ मध्ये दोन्ही कोर आतल्या आतच जोडलेले, आणि मेमरी कंट्रोलरही चिपमध्येच. एएमडीने हे भांडवल पुरेपूर वापरलं. ऑगस्ट २००५ मध्ये तर वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात देऊन इंटेलला जाहीर सामन्याचं आव्हान दिलं. सामना झाला नाही. त्याच महिन्यात इंटेलच्या एका अभियंत्याने चिपतज्ज्ञांच्या परिषदेत हा पहिला ड्युअल कोर घाईने उभा केल्याची कबुली दिली. २००६ च्या सुरुवातीला पेंटियम डी ९०० मालिका आली, तिच्यात तर सिलिकॉनचे दोन वेगळे तुकडे एका पॅकेजमध्ये बसवलेले. ‘चिकटवलेला ड्युअल कोर’ हे दूषण पक्कं झालं.

माझ्या मते या दूषणाने ग्राहकाची दिशाभूल केली. पेंटियम डी मागे पडला हे खरं. एक्स२ बहुतेक चाचण्यांत त्याच्या पुढे होता आणि विजेची भूकही त्याची कमी होती: पेंटियम डी ८४० ची उष्णतेची मर्यादा १३० वॅट, एक्स२ ३८००+ ची ८९. पण दोष जोडणीत कमी आणि प्रेस्कॉटमध्ये जास्त होता. एका कोरवर अँटिव्हायरस आणि दुसऱ्यावर ब्राउझर चालत असेल तर त्यांना एकमेकांशी बोलायचं कारणच कमी. मंद आणि तापट कोर दोन घेतले तर ते मंद आणि तापटच राहतात, मग ते शिवलेले असोत की चिकटवलेले.

पुढे घडलं ते तर या वादाची फजिती करणारं आहे. जानेवारी २००७ मध्ये इंटेलने कोअर २ क्वॉड क्यू६६०० आणला. कोअर २ डुओचे दोन तुकडे एका पॅकेजमध्ये, म्हणजे पुन्हा तेच ‘चिकटवणं’. नोव्हेंबरमध्ये एएमडीचा फेनॉम आला, चारही कोर एकाच तुकड्यावर. सुरुवातीच्या फेनॉममध्ये कॅशशी (चिपमधल्या छोट्या वेगवान मेमरीशी) संबंधित चूक निघाली, तिच्यावरच्या उपायाने वेग घटला, आणि चिकटवलेला क्यू६६०० पुढेच राहिला. २०१७ मध्ये पारडं फिरलं: एएमडीच्या सर्व्हर प्रोसेसरला इंटेलच्या सादरीकरणात ‘चिकटवलेला’ म्हणून हिणवलं गेलं. २०१९ च्या रायझन ३००० पासून एएमडीच्या डेस्कटॉप चिपही वेगळे तुकडे जोडूनच बनू लागल्या. लहान तुकडे स्वस्त पडतात, खराब निघाले तर नुकसान कमी होतं, आणि दोन चांगले तुकडे निवडून जोडता येतात. २००६ मध्ये ज्याला आळस म्हटलं गेलं, त्याचं पुढे कौशल्य झालं.

कोर नेमका कशाला म्हणायचं, हा वाद कोर्टातही गेला. २०११ च्या बुलडोझर प्रोसेसरमध्ये आठ कोर असल्याचं सांगितलं जायचं, पण दोन-दोन कोर फ्लोटिंग पॉइंटचा भाग वाटून घेत. २०१५ मध्ये अमेरिकेत ग्राहकांनी दावा लावला आणि २०१९ मध्ये १.२१ कोटी डॉलरवर तडजोड झाली. बारा वर्षं आधी दुकानात हा प्रश्न विचारला असता तर दुकानदाराने वेड्यात काढलं असतं.

आता बोर्डाकडे. २००५ मध्ये ज्याच्याकडे सॉकेट ९३९ चा बोर्ड होता, त्याने बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून एक्स२ बसवला की काम झालं. रॅम तीच, कॅबिनेट तेच, काही बोर्डांवर तर जुन्या पद्धतीचं एजीपी ग्राफिक्स कार्डही राहायचं. त्याचा खर्च म्हणजे फक्त चिप; पण ती चिपच महाग. एक्स२ सुरुवातीला ५३७ डॉलरच्या खाली नव्हता, ३८००+ आला तेव्हा ३५४ वर उतरला. पेंटियम डी ८२० मात्र २४१ डॉलरचा. कागदावर स्वस्त इंटेलच.

पण पेंटियम ४ वाल्याकडे बहुधा सॉकेट ४७८ आणि ८४५ किंवा ८६५ चिपसेट. ज्याने वर्षभरापूर्वी नवा ७७५ चा बोर्ड घेतला, त्याच्याकडे ९१५ चिपसेट. पेंटियम डी सॉकेटमध्ये बसायचा, पण ९१५ वर चालायचा नाही. ९४५ किंवा ९५५ लागायचा. मोजके अपवाद सोडले तर हाच नियम. मग बोर्ड आला, डीडीआर२ रॅम आली, एजीपी कार्ड निरुपयोगी म्हणून नवं ग्राफिक्स कार्ड आलं, आणि १३० वॅटची चिप असेल तर साधा एसएमपीएसही (वीजपुरवठ्याचा डबा) बदलायला आला. २४१ डॉलरची चिप नव्या मशीनच्या किमतीला जाऊन भिडली.

खरी चीड आणणारी गोष्ट २००६ च्या जुलैत झाली. कोअर २ डुओ आला: तेच ७७५ सॉकेट, ६५ वॅट, आणि १.८६ गीगाहर्ट्झचा ई६३०० अवघ्या १८३ डॉलरला. पेंटियम डी साठी वर्षभरापूर्वी घेतलेल्या अनेक ९४५ बोर्डांवर तो चालला नाही, कारण वीजपुरवठ्याचा विभाग नव्या नियमाचा नव्हता. सॉकेट एकच, चिपसेटचं नाव एकच, आणि तरी एक बोर्ड चालतो, दुसरा नाही. दुसऱ्या बाजूलाही सुख नव्हतं. मे २००६ मध्ये एएमडी एएम२ सॉकेटवर गेली आणि ९३९ चे प्रोसेसर हळूहळू बाजारातून दिसेनासे झाले. जुलैतच एक्स२ च्या किमती जवळपास निम्म्यावर आल्या, म्हणजे थांबलेल्यांचा फायदा आणि घाई केलेल्यांचा तळतळाट.

सॉफ्टवेअरने आपला वाटा उचलला. एक्सपी होम एकच सॉकेट मानत असलं तरी त्यातले दोन्ही कोर वापरत असे. ज्यांच्याकडे हायपर थ्रेडिंगचा (एकाच कोरला दोन असल्यासारखं दाखवणारा) पेंटियम ४ होता त्यांना टास्क मॅनेजरमध्ये आधीपासूनच दोन आलेख दिसत. साध्या पेंटियम डी मध्ये हायपर थ्रेडिंग नसल्यामुळे नव्या प्रोसेसरनंतरही दोनच. एवढे पैसे घालून पडद्यावर काहीच बदललं नाही, हे पचवायला जड गेलं असणार. एक्स२ वर वेगळीच गंमत. दोन्ही कोरांची घड्याळं एकमेकांपासून सरकत, आणि काही गेम मध्येच पळत नाहीतर अडखळत. त्यासाठी पॅच, ड्रायव्हर आणि बूट फाइलमध्ये एक जादा शब्द असे उपाय होते. आपल्याकडच्या अनेक डीटीपीवाल्यांचा तर प्रश्नच नव्हता: विंडोज ९८, पेजमेकर आणि डोंगलवर चालणारे मराठी फाँट एवढ्या संसारात दुसऱ्या कोरला शिरायला जागाच नव्हती.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट वजनाची होती, तिचा उल्लेख परदेशी परीक्षणांत सापडणार नाही. ती वर्षं भारनियमनाची. ६०० व्हीएच्या यूपीएसवर सीआरटी मॉनिटर आणि १३० वॅटचा प्रोसेसर म्हणजे फाइल सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरताच वेळ. ६५ वॅटच्या कोअर २ डुओचा हा गुण बेंचमार्कच्या तक्त्यात दिसत नाही.

मग २००७ च्या मध्याला इंटेलने आपल्या स्वस्त चिपला पेंटियम ड्युअल कोर हे नाव दिलं, आणि लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत ‘ड्युअल कोर’ हे एका मॉडेलचं नाव झालं. दुकानात विचारायचे, ‘ड्युअल कोर देऊ की कोअर टू डुओ?’ दोन्हींत कोर दोनच. फरक कॅश आणि बसचा. ई२१६० ला १ एमबी कॅश, कोअर २ डुओ ई६६०० ला ४. त्यात आधीचा पेंटियम डी आणि लॅपटॉपमधला कोअर डुओ मिसळले की गोंधळ पुरा. गंमत अशी की नव्या रचनेचा हा १.८ गीगाहर्ट्झचा स्वस्त ‘ड्युअल कोर’ अनेक कामांत ३ गीगाहर्ट्झच्या पेंटियम डी ला मागे टाकायचा. जास्त गीगाहर्ट्झ बघून दुकानात उरलेला पेंटियम डी उचलणारा फसला. या काळात ज्याला ४७८ वरून उडी मारायची होती, त्याच्यासाठी बोर्ड, २ जीबी रॅम आणि ई२१६० हा सौदा सगळ्यात शहाणपणाचा होता असं मला वाटतं, पण त्याचं श्रेय नव्या रचनेला आणि दुप्पट रॅमला जास्त, दुसऱ्या कोरला कमी.

नंतर ड्युअल कोर हा वरचा माल न राहता तळाचा झाला. २०१४ मध्ये फार क्राय ४ हा गेम एका वेळी दोनच थ्रेड (कामाचे धागे) चालवणाऱ्या प्रोसेसरवर सुरूच होत नाही म्हणून ओरड झाली. त्याच वर्षी हौशी लोक ओव्हरक्लॉकसाठी (क्लॉक ठरलेल्यापेक्षा वर नेण्यासाठी) दोन कोरांचा पेंटियम जी३२५८ घेत होते.

आज ९४५ चा बोर्ड हाताशी असणाऱ्याने आधी बोर्डावरची आवृत्ती वाचावी आणि निर्मात्याच्या यादीत कोअर २ डुओ आहे का ते पाहावं. असेल तर चिपचा खर्च नगण्य आहे. पण हा चिपसेट ४ जीबीच्या पुढे रॅम घेत नाही, आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकल्याने जाणवणारा फरक कुठल्याही चिपबदलापेक्षा मोठा असतो. विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. विंडोज ११ ची लेखी अट दोन कोर आणि १ गीगाहर्ट्झ अशी आहे, म्हणजे एवढ्यापुरता कोअर २ डुओ पास. पण २०२४ च्या २४एच२ आवृत्तीला प्रोसेसरमध्ये पॉपकंट ही सूचना लागते, ती कोअर २ डुओत नाही, आणि त्यामुळे ती आवृत्ती त्यावर सुरूच होत नाही. लिनक्स अजून चालतो.