वॉट राहू द्या, पातं वाजवून बघा

पुतण्याला मॉडेल विमानाचा नाद लागला, रेडीमेड नव्हे, प्लॅनची झेरॉक्स काढून लाकूड कापून चिकटवून बनवायचं तसलं, आणि तेव्हापासून आमच्या विश्रामबागच्या घरात बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचा भुसा पोह्यात पण सापडायला लागला. पहिली करवत आम्ही चुकीची आणली हे आधीच सांगून टाकतो. ओळखीच्या सुतारमामांची जिगसॉ, म्हणजे हातात धरून चालवायची विजेची करवत, उसनी घेतली, चांगली दणकट, आणि 3 मिलिमीटरच्या प्लायमधून विमानाच्या बॉडीचा आडवा सांगाडा कापायला घेतला. कापला गेला, पण वरचा पापुद्रा सगळीकडं उचकटलेला, कडेला नुसती दाढी. पोरगं म्हणालं, "काका, उंदरानं कुरतडलंय काय हे?"

मशिनची चूक नव्हती. जिगसॉच्या पात्याचे दात वर तोंड करून असतात, ते वर येताना कापतं, त्यामुळं पातळ प्लाय त्याच्याबरोबर उचलली जाते, थडथडते आणि वरचा थर फाटतो. जाड फळीला चालतं, कारण फळी स्वतःच्या वजनानं बसलेली असते. स्क्रोल सॉमध्ये याच्या उलट असतंय, बारीक पातं वरच्या न खालच्या दोन हातांमध्ये ताणून बसवलेलं, दात खाली, म्हणजे कापताना लाकूड टेबलावर दाबलं जातं. मॉडेलवाल्यांनी घ्यायचं पहिलं मशीन हेच, असं माझं मत झालंय.

आता ताकदीचं, म्हणजे मोटरच्या वॉटचं बघू. बाल्सा हे रुंद पानाचं झाड, म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या हिशोबानं चक्क हार्डवुड, पण असतंय कापसासारखं. इक्वेडोरमधून जगभर जातं. साधारण 150 किलो प्रति घनमीटर धरलं तर 1 मीटर लांब, 100 मिलिमीटर रुंद, 3 मिलिमीटर जाड शीट 45 ग्रॅमची भरते, तेवढंच सागवान 200 ग्रॅमच्या आसपास जाईल. कारण आत मोठ्या मोठ्या पोकळ पेशी आणि त्यांच्या भिंती एकदम पातळ. त्या भिंतीला धारदार बारीक दात लागला की ती कापली जाते, बोथट किंवा मोठा दात लागला की चेपते, पिकलेल्या टोमॅटोवर बोथट सुरी ठेवल्यासारखं. मग मोटर कितीही मोठी घ्या, ती फक्त जास्त जोरात चेपणार. (दुसऱ्या महायुद्धातलं मॉस्किटो हे खरं लढाऊ विमान बर्चच्या प्लायमध्ये बाल्सा सँडविच करून बनवलं होतं, 1940 साली उडालं, तेव्हा हे लाकूड कच्चं समजू नका.)

दातांचा एक साधा हिशोब आहे, लाकडाच्या जाडीत एका वेळी निदान तीन दात पाहिजेत, नाहीतर एकच दात कडेला अडकून हिसका मारतो. 3 मिलिमीटरच्या प्लायला दर मिलिमीटरला एक दात, म्हणजे इंचाला 25. दीड मिलिमीटरच्या बाल्साला याच हिशोबानं इंचाला 50 लागतील, ते कुठून आणणार? म्हणून पंखाच्या रिब, म्हणजे आतल्या फासळ्या, एकेक कापायच्याच नाहीत, दहा तुकडे चिकटपट्टीनं बांधायचे, 15 मिलिमीटरचा ठोकळा होतो, मग इंचाला 15 दातांचं पातं लावलं तरी नऊ दात आत राहतात आणि सगळ्या रिब जुळ्या भावंडांसारख्या निघतात. एकटी शीट असली तर सरळ ब्लेडनं कापा, मशीन कशाला.

सगळ्यात जास्त अडलो ते पात्याच्या ताणावर. पातं वळणावर पोटाकडं फुगायचं, कड तिरकी यायची. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एका कारागिरांकडं कामानं गेलो होतो, बोलता बोलता विषय निघाला, तर म्हणाले, वाजवून बघताय का? घरी येऊन नखानं छेडलं तर नुसतं "थप्प". स्क्रू आवळत गेलो तसा स्वर चढत गेला, शेवटी स्वच्छ "टिंग" आलं तेव्हा कट सरळ पडला. तारेचंच गणित आहे, लांबी तीच ठेवून ताण चौपट केला की स्वर एक सप्तक वर जातो. तेव्हापासून दुकानात मशीन बघताना मी आधी पातं छेडतो, मग चालू करून टेबलावर जुना जाडा पाच रुपयाचा कॉइन उभा करतो, पडला तर मशीन थरथरतंय, पुढं चला. दुकानदार बघत राहतो, बघू दे.

पात्याच्या टोकाला आडवी पिन असलेलं घेऊ नका. रिबला वजन कमी करायची भोकं पाडताना आधी ड्रिल मारून त्यातून पातं ओवायचं असतं, पिनवाल्याला भोक मोठं लागतं, साध्या टोकाचं दीड मिलिमीटरमधून जातं.

बँडसॉचं पातं बंद गोल पट्टा असतो, आतली भोकं विसरा, पण जाड ठोकळ्यातून पट्ट्या काढायला मस्त. छोट्या टेबल सॉचं मात्र बाल्सासाठी मला पटत नाही. चकती 2 मिलिमीटर लाकूड भुशात घालवते, 100 मिलिमीटरच्या शीटमधून 3 मिलिमीटरच्या 20 पट्ट्या निघतात, ब्लेडच्या स्ट्रिपरनं (पट्ट्या काढायचं हातातलं अवजार) 33. वर ती पट्टी मागं फेकते ते वेगळं.

अमेरिकेतल्या कुणाकडून मागवत असाल तर एक सांगतो, तिकडचं मशीन 110 ते 120 व्होल्टचं, ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळतं, पण तिकडं 60 हर्ट्झ, आपल्याकडं 50, ते ट्रान्सफॉर्मरनं बदलत नाही. इंडक्शन मोटर (हिचा वेग हर्ट्झवर ठरतो) असली की मिनिटाला 1700 स्ट्रोक, म्हणजे पात्याचे वर-खाली फेरे, लिहिलेलं मशीन इथं 1400 च्या आसपासच चालतं. प्लायला उलट बरंच, पातं कमी तापतं.

आणि मास्क लावा, लाकडाचा भुसा कॅन्सरकारक पदार्थांच्या यादीत पहिल्या गटात आहे. आम्ही मशीन आता गच्चीवर नेलंय. वहिनींचं म्हणणं आहे की पोह्यांची चव सुधारली.