गौरव (ग्लाइड बाँब)

भारतीय हवाई दलासाठी संरक्षण संशोधन व विकास संघटनेने (डीआरडीओ) विकसित केलेला, लढाऊ विमानातून सोडायचा लांब पल्ल्याचा पंखयुक्त बाँब. वजन १,००० किग्रॅ. गटातील. आराखडा मुख्यत्वे हैदराबादच्या रिसर्च सेंटर इमारत (आरसीआय) या प्रयोगशाळेचा; पाषाण (पुणे) येथील शस्त्रास्त्र संशोधन प्रयोगशाळा एआरडीई आणि ओडिशातील चांदीपूरचे चाचणी क्षेत्र यांचाही विकासात वाटा आहे.

गौरवची सुरुवात कोठून धरावी, याबाबत एकवाक्यता नाही. १९ डिसेंबर २०१४ रोजी डीआरडीओने बंगालच्या उपसागरावर १,००० किग्रॅ. गटातील ग्लाइड बाँबची चाचणी घेतली होती. पल्ला सुमारे १०० किमी. सांगितला गेला. त्या प्रकल्पासंबंधी पंखयुक्त ‘गरुत्मा’ व बिनपंखी ‘गरुडा’ अशी दोन नावे आढळतात (गरुत्मान हे गरुडाचेच नाव, त्यामुळे घोळ वाढला). २९ ऑक्टोबर २०२१ च्या चाचणीत मात्र केवळ ‘लाँग रेंज बाँब’ असा उल्लेख होता. गरुत्मा हेच गौरवचे जुने नाव, असे बरेच ठिकाणी सरसकट लिहिले जाते. वजनगट, पल्ला आणि आरसीआयचा सहभाग यांतील साम्य पाहता एकाच विकासधारेतील हे टप्पे असावेत, हे मान्य करता येते. पण १३ ऑगस्ट २०२४ च्या चाचणीला अधिकृत निवेदनात पहिली उड्डाण चाचणी म्हटले आहे. म्हणून गौरवचा इतिहास २०२४ पासून मोजणे अधिक सयुक्तिक ठरते.

या बाँबला इंजिन नाही. विमानापासून सुटताना मिळालेली उंची आणि वेग हेच त्याचे भांडवल. पंखांवरील उत्थापक प्रेरणेच्या जोरावर तो हे भांडवल हळूहळू खर्च करत पुढे सरकतो. ढोबळ हिशेब असा : १० किमी. उंचीवर सेकंदाला २४० मी. वेगाने सोडलेल्या वस्तूची गतिज ऊर्जा आणखी सुमारे ३ किमी. उंचीइतकी भरते. एकूण १३ किमी. धरल्यास १०० किमी. गाठण्यासाठी उत्थापन व हवेचा रोध यांचे गुणोत्तर ८ च्या आसपास राखावे लागते. बिनपंखी बाँबला हे साधत नाही. कमी उंचीवरून सोडल्यास पल्लाही घटतो. तेव्हा ‘१०० किमी.’ हा आकडा अनुकूल परिस्थितीतला समजावा.

मार्गनिर्देशन संमिश्र आहे. जडत्वीय प्रणाली घूर्णी (जायरोस्कोप; दिशाबदल मोजणारे उपकरण) व प्रवेगमापक यांच्या आधारे स्थान काढते. तीत वेळेनुसार साचत जाणारी चूक उपग्रहीय संकेतांनी दुरुस्त होते. उपग्रहीय संकेत दाबले गेले तरी जडत्वीय प्रणाली चालूच राहते, मात्र अचूकता उतरते.

२०२४ ची चाचणी सुखोई-३० एमकेआय विमानातून झाली. ओडिशाच्या किनाऱ्याजवळील लाँग व्हीलर बेटावरील लक्ष्याचा वेध घेतला गेला. ८ ते १० एप्रिल २०२५ दरम्यान पुन्हा याच जातीच्या विमानातून, वेगवेगळ्या स्फोटकशीर्षांसह चाचण्या झाल्या व जवळजवळ १०० किमी. पल्ला गाठला गेला. अदानी डिफेन्स व पुण्याची भारत फोर्ज हे उत्पादन-भागीदार आहेत. आरसीआयचेच १२५ किग्रॅ. गटातील धावपट्टीभेदी अस्त्र (सॉ) हे गौरवहून वेगळे असून त्याचा पल्लाही १०० किमी. दिला जातो.