‘/ईटीसी/झेन’ आणि ‘/यूएसआर/पीकेजी/ईटीसी/झेन’ : एका पॅचची पार्श्वभूमी

नेटबीएसडी या बीएसडी घराण्यातल्या कार्यप्रणालीवर झेन हायपरवायझरची (एकाच संगणकावर अनेक आभासी यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) साधने बसवणाऱ्याला मूळ प्रकल्पाच्या माहितीपुस्तिकेत सर्वत्र ‘/ईटीसी/झेन’ हा मार्ग दिसतो, परंतु त्याच्या यंत्रावरील कॉन्फिगरेशन फाइली ‘/यूएसआर/पीकेजी/ईटीसी/झेन’ या ठिकाणी असतात. दोन परंपरांमधल्या या फरकाचा भार वर्षानुवर्षे पॅकेज सांभाळणाऱ्यांच्या पॅचनी, म्हणजे मूळ सोर्सवर चढवलेल्या छोट्या दुरुस्त्यांनी, वाहिला आहे.

बीएसडी परंपरेत मूळ प्रणाली आणि बाहेरून आणलेले सॉफ्टवेअर यांची सरमिसळ केली जात नाही. ‘/ईटीसी’ ही जागा मूळ प्रणालीची असते. फ्रीबीएसडीच्या पोर्ट्स या पॅकेज-संग्रहापासून 1997 मध्ये तयार झालेल्या, नेटबीएसडीच्या पीकेजीसोर्स या संग्रहाने पॅकेजांसाठी ‘/यूएसआर/पीकेजी’ ही वेगळी जागा ठरवली, आणि तीही वापरणाऱ्याला बदलता येते. लिनक्स वितरणांमध्ये अशी सीमारेषा नसते. तिथे जवळपास सर्वच पॅकेजे ‘/ईटीसी’ वापरतात. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत जन्मलेले आणि 2003 मध्ये जगासमोर आलेले झेन मुख्यतः लिनक्सच्या सोबतीने वाढल्यामुळे त्याच्या सोर्समध्ये ‘/ईटीसी/झेन’ हे शब्द थेट लिहिले गेले. नेटबीएसडी 3.0 ने 2005 मध्ये झेनचा यजमान म्हणून, म्हणजे इतर आभासी यंत्रांचे नियंत्रण करणाऱ्या डॉम-झिरोमध्ये, चालण्याची सोय दिली आणि ते शब्द अडचणीचे ठरले.

हा मार्ग एकाच जागी असता तर एक ओळ बदलून काम भागले असते. प्रत्यक्षात तो मेकफाइलींत (बांधणीच्या, म्हणजे सोर्सपासून प्रोग्राम तयार करण्याच्या, सूचनांत), पायथनमध्ये लिहिलेल्या ‘झेंड’ या डीमनमध्ये (पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्राममध्ये), शेल स्क्रिप्टांत आणि मॅन पेजांत (मदतीच्या पानांत) विखुरलेला होता. ‘एक्सएम क्रिएट’ ही आज्ञासुद्धा आभासी यंत्राची फाइल चालू डिरेक्टरीत न सापडल्यास ‘/ईटीसी/झेन’ मध्येच शोधत असे. शिवाय पॅचमध्ये ‘/यूएसआर/पीकेजी’ असे थेट लिहिणे म्हणजे तीच चूक पुन्हा करणे होय. म्हणून पीकेजीसोर्समध्ये पॅच त्या जागी केवळ एक खूण ठेवतो आणि बांधणीच्या वेळी सब्स्ट ही यंत्रणा तिथे खरा मार्ग भरते.

खरे कष्ट नवी आवृत्ती आल्यावर सुरू होतात. आजूबाजूच्या ओळी बदलल्यामुळे पॅच बसला नाही तर बांधणी थांबते आणि चूक लगेच कळते, त्यामुळे हा प्रकार माझ्या मते कमी धोक्याचा आहे. मात्र नव्या आवृत्तीत एखादी नवी स्क्रिप्ट आली आणि तिच्यात जुनाच मार्ग असला, तर सर्व पॅच बिनतक्रार बसतात, पॅकेजही तयार होते, आणि यंत्र सुरू करताना स्क्रिप्ट नसलेल्या डिरेक्टरीत फाइल शोधत राहते. त्यामुळे प्रत्येक आवृत्तीचा संपूर्ण सोर्स ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने पुन्हा चाळण्याला पर्याय नाही.

झेन 4.2 ने 2012 मध्ये साधनांसाठी कॉन्फिगर स्क्रिप्ट (बांधणीपूर्वी मार्ग आणि पर्याय ठरवणारी स्क्रिप्ट) आणली, पुढे मार्गांच्या व्याख्या एकत्र झाल्या, आणि 2015 च्या 4.5 आवृत्तीत ‘झेंड’ काढून टाकल्यामुळे त्याच्यासाठी जपलेले पॅचही निकामी झाले. तरीही ‘सिसकॉन्फडिर’ हा कॉन्फिगरेशन फाइलींची जागा सांगणारा पर्याय स्पष्टपणे दिला नाही, तर फ्रीबीएसडी आणि सोलारिस यांचे अपवाद वगळता ती स्क्रिप्ट ‘/ईटीसी’ हाच मार्ग गृहीत धरते. अशा स्क्रिप्ट तयार करणाऱ्या ऑटोकॉन्फ या साधनाचा स्वतःचा संकेत प्रीफिक्सखालच्या, म्हणजे सॉफ्टवेअर बसवण्याच्या मुख्य डिरेक्टरीतल्या, ‘ईटीसी’ चा असूनही हे मुद्दाम केलेले आहे. म्हणून नेटबीएसडीच्या पॅकेजात तो पर्याय हाताने द्यावा लागतो. पुढे काही मॅन पेजांच्या मूळ मसुद्यांतही थेट मार्गांऐवजी बांधणीच्या वेळी भरल्या जाणाऱ्या खुणा आल्या.